शून्याऐवजी एक

[पाऊस. झापांनी शाकारलेल्या होड्या. मग पडवी.]

१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद. आंबाही संपला. देवगडच्या या पडवीत मात्र आत्ताच घाई आहे, कारण हंगामाचे हिशेब मिटवायचेत. पेट्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम या भावंडांनी इथेच लिहिला. मुंबई न गाठता.

[स्क्रीन.]

धाकट्याने दराची चूक दुरुस्त केली. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटने नोंदीसाठी एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, उघडला; धाकट्याने नोंद लिहिली, सेव्ह केली, बाहेर पडला. गिटचं उत्तर: एडिटरमध्ये अडचण आली. बदल घेतलाच नाही.

“सेव्ह केलंय, तरी घेणा नाय!”

[ताईची बोटं.]

ताई आकडा शोधते. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना ० ते २५५ मधला एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे ठीक. दुसरं काही आलं की गिट तिथेच थांबतं. मजकूर सेव्ह झालाय का, हे ते बघतही नाही.

म्हणून ती गिट बाजूला ठेवून नुसता एडिटर चालवते आणि भावाला म्हणते, मघाशी केलंस तस्संच कर. बाहेर पडल्याबरोबर ‘एको’, पुढे डॉलर आणि प्रश्नचिन्ह. ही कमांड नुकत्याच संपलेल्या प्रोग्रॅमचा आकडा दाखवते. मध्ये दुसरी कमांड दिली तर तिचाच आकडा दिसतो. भलेभले इथे फसतात.

१२७ आला असता, तर एडिटर सापडलाच नाही. १२६, तर सापडला पण चालवता येत नाही. १३७, तर बाहेरून कुणीतरी मारला. आला १. म्हणजे एडिटर स्वतःहूनच तक्रार करून गेला. वीज या खेपेला निर्दोष.

[क्लोजअप: कोलन, मोठा डब्ल्यू.]

हे बघा. सेव्ह करायला लहान डब्ल्यू लागतो. घाईत शिफ्ट दाबलेली राहिली. अशी कमांडच नाही. त्याने लगेच सुधारून सेव्ह केलं, पण चूक एडिटरच्या लक्षात राहिली. व्हीआय हा जुना एडिटर बिल जॉयचा, १९७६ चा. त्याचा सुधारित अवतार व्हिम, ब्राम मोलेनारचा, १९९१ चा. या मॅकवर दोन्ही नावांमागे व्हिमच आहे, तरी ‘व्हीआय’ म्हणून हाक मारली की अशी एखादी चूकही तो शेवटी १ देऊन कळवतो. ताईने गिटच्या सेटिंगमध्ये ‘व्हीआय’ऐवजी व्हिमचा पूर्ण पत्ता लिहिला. आता शून्य.

नोंद मुद्दाम रद्द करायची असेल, तर ‘सीक्यू’ कमांड हाच १ देते. हे तिला कुठल्या क्लासात कुणी शिकवलेलं नाही. एडिटरची मदतपानं वाचून ती शिकली.

[फोनवर ताई.]

तोवर दोन बागायतदारांना जुन्या दराने हिशेब गेले होते. ते फोन करून सुधारले.