मुंबईत सिनेमा बघायचाय? आधी थिएटर निवडा!

नमस्कार मंडळी!

मी आत्ता मरीन लाइन्सला आहे, बॉम्बे हॉस्पिटलच्या अगदी शेजारी. माझ्यामागे जी इमारत दिसतेय, ते लिबर्टी.

पाहुणे आले की घरात एक विषय हमखास निघतो. ‘सिनेमाला जाऊया का?’ मग कोणीतरी मोबाइल काढतं, जवळच्या मॉलमधला शो बघतं आणि तिकिटं काढून मोकळं होतं. त्यात वाईट काहीच नाही. पण मॉलमधलं थिएटर पुण्यात आहे, नाशकात आहे, नागपुरात आहे, आणि आत जाऊन बसलं की आपण कुठल्या गावात आहोत हेसुद्धा कळत नाही. लिबर्टी मात्र जगात एकच आहे, आणि ते मुंबईत आहे. म्हणून आज सिनेमांबद्दल नाही, थिएटरांबद्दल बोलू. कुठल्या थिएटरला का जायचं, कधी जायचं आणि तिथे गेल्यावर बघायचं काय.

सुरुवात अर्थात इथूनच.

(दृश्य: लिबर्टीचा दर्शनी भाग, मग आतला जिना)

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि हबीब हुसेन यांनी आपल्या नव्या थिएटरचं नाव ठेवलं लिबर्टी. पहिला खेळ झाला १९४९ मध्ये, ‘अंदाज’चा. त्या काळात दक्षिण मुंबईतली बडी थिएटरं इंग्रजी सिनेमांसाठी ओळखली जायची. अशा भागात हबीब हुसेन यांनी हिंदी सिनेमासाठी एवढं देखणं थिएटर उभं केलं. मला हे फार मोठं वाटतं. आपल्या भाषेतला सिनेमा बघायला आलेल्या माणसाचंही स्वागत सागवानी लाकडाच्या भिंतींनी व्हावं, त्याच्याही पायाखाली राजवाड्यासारखा जिना असावा, हा विचार त्यामागे आहे.

आत गेलात की पडद्याच्या दोन्ही बाजूंना बघा. प्लास्टरमध्ये कारंजी घडवली आहेत. पाणी उसळता उसळता थिजून जावं तशी. त्यांच्यामागे दिवे लपवलेत, त्यामुळे भिंत उजळते पण बल्ब कुठेच दिसत नाही. छत पायऱ्यापायऱ्यांनी पडद्याकडे उतरत जातं आणि नजर आपोआप समोर जाते. भिंतींवरचं लाकूड नुसतं शोभेचं नाही, आवाज घुमू नये म्हणूनही ते कामाला येतं.

ही सजावट केली कोणी? वामन नामजोशी यांनी. हे नाव लक्षात ठेवा, कारण आपण ते पुरेसं घेत नाही. जयपूरचं राजमंदिर तुम्ही पाहिलं असेल, निदान फोटोत तरी. गुलाबी, मलईच्या केकसारखं, १९७६ साली सुरू झालेलं. राजस्थानला जाणारी आपली मंडळी हवामहलाबरोबर राजमंदिरही बघून येतात. ते नामजोशींचंच. आणि मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिरसुद्धा त्यांचंच, तिथे आपण शेवटी जाणार आहोत. एका मराठी माणसाने अख्ख्या देशाला दाखवून दिलं की थिएटर कसं असावं, आणि आपल्यापैकी कितीतरी जण त्याच्या जिन्यावरून वर गेलो, पण त्याचं नाव आपल्याला माहीत नव्हतं.

लिबर्टीतच ‘हम आपके हैं कौन’ शंभरहून जास्त आठवडे चालला. आता मात्र इथे रोज सिनेमा लागेलच असं धरून चालू नका. महोत्सव, खास खेळ, कार्यक्रम असे अधूनमधून होतात. असा एखादा कार्यक्रम दिसला की कसला आहे ते फार बघू नका, तिकीट काढा. आणि अर्धा तास आधी पोचा. तो अर्धा तास फक्त इमारतीसाठी ठेवा.

इथून टॅक्सीने दहा मिनिटांवर कुलाबा. तिथे रीगल.

रीगल सुरू झालं १४ ऑक्टोबर १९३३ रोजी, लॉरेल-हार्डीच्या सिनेमाने. आराखडा चार्ल्स स्टीव्हन्स यांचा. यांचे वडील एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स म्हणजे आपलं बोरीबंदर, आजचं सीएसएमटी, बांधणारे. आता गंमत बघा. वडिलांनी घुमट, कमानी, दगडात कोरलेले प्राणी-पक्षी असं सगळं उभं केलं, आणि मुलाने सरळ रेषांची, गुळगुळीत भिंतींची इमारत बांधली. एका पिढीत शहराची आवडच बदलली होती. या नव्या शैलीला आर्ट डेको म्हणतात. सिमेंट-काँक्रीट आल्यामुळे खांबांची गर्दी न करता मोठाली बाल्कनी काढता येऊ लागली, आणि सिनेमाला नेमकं तेच हवं होतं. समोर खांब आला तर पडदा दिसणार कसा?

रीगलमध्ये त्या काळी वातानुकूलन होतं आणि तळघरात गाड्या ठेवायची सोय होती. १९३३ साली! आज कुलाब्यात पार्किंगसाठी अर्धा तास फिरताना मला हे दरवेळी आठवतं.

रीगलला गेलात तर काळा घोड्यापर्यंत चालत या. तिथे एक जुनी, लोखंडी सांगाड्याची, थकलेली इमारत उभी आहे. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. तिकीट होतं एक रुपया. पॅरिसमधल्या त्यांच्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. या इमारतीसमोर उभं राहून मग रीगलमध्ये सिनेमा बघा, तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल होतील.

चर्चगेटचं इरॉस तर तुम्ही नक्की पाहिलंय, निदान स्टेशनातून बाहेर पडताना. शोराबजी भेदवार यांनी आराखडा केला, १९३८ मध्ये थिएटर उघडलं. कोपऱ्यावरच्या जागेचा असा वापर मुंबईत दुसरीकडे क्वचित दिसेल. दोन बाजूंना दोन पंख, मध्ये गोलसर मनोरा, काही भागाला लाल आग्रा दगड आणि बाकी मलईचा रंग. ओव्हल मैदानाच्या आसपासच्या या इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात एका बाजूला सीएसएमटीच्या धाटणीच्या गॉथिक इमारती आहेत, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, मध्ये क्रिकेटचं मैदान. इरॉस आणि रीगल दोन्ही त्या यादीत येतात.

इरॉस मधली काही वर्षं बंद होतं. २०२४ साली ते आयमॅक्स म्हणून पुन्हा उघडलं. बाराशे खुर्च्यांच्या जागी आता तीनशेच्या आसपास खुर्च्या आहेत. मला विचाराल तर त्या भल्या मोठ्या हॉलची हळहळ अजून वाटते. बाराशे माणसं एकाच वेळी हसतात तो आवाज तीनशे माणसांचा होत नाही. पण इमारत उभी आहे, तिच्यात सिनेमाच लागतो आहे, दिवे लागतात, लोक येतात. आणि पडदा खरोखर मोठा आहे. म्हणून ज्या सिनेमात डोंगर, समुद्र, अंतराळ असं काही असेल, तो इथे बघा.

मेट्रो थिएटरबद्दल थोडक्यात. १९३८ साली हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीने ते बांधलं, आणि १९५४ मध्ये पहिला फिल्मफेअर पुरस्कार सोहळा तिथेच झाला. २००६ मध्ये त्याचं मल्टिप्लेक्स झालं. बाहेरून बघायला आजही सुंदर आहे.

चर्नी रोडला ऑपेरा हाउस आहे. १९११ साली राजा पाचवा जॉर्ज याच्या हस्ते उद्घाटन झालं, पुढे कित्येक दशकं तिथे सिनेमे लागले, १९९३ मध्ये दारं बंद झाली आणि २०१६ मध्ये अतिशय काळजीपूर्वक दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडलं. नाटक, संगीत, कधी सिनेमा, जे असेल त्याला जा. पण छताकडे बघायला विसरू नका.

आता गिरगाव. इथे मला तुम्हाला थिएटर दाखवता येत नाही, फक्त जागा दाखवता येते. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावातच एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि ‘आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील?’ या विचाराने त्यांना झोप लागू दिली नाही. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो गिरगावच्या कोरोनेशनमध्ये. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ने भारतीय सिनेमाला आवाज दिला तो गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये. कोरोनेशन गेलं. मॅजेस्टिक गेलं, आता त्या नावाचं शॉपिंग सेंटर आहे. लॅमिंग्टन रोडचं मिनर्व्हाही गेलं, जिथे ‘शोले’ पाच वर्षं चालला होता. या रस्त्यांवरून मी चालतो तेव्हा खरंच पोटात कालवतं. जे उरलंय तिथे आपण तिकीट काढून बसलं पाहिजे असं मी सारखं म्हणतो, ते याच कारणाने.

मराठी सिनेमा कुठे बघायचा? दादरला, प्लाझात. कोतवाल उद्यानासमोर. व्ही. शांताराम यांच्या मालकीचं हे थिएटर. १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत इथेही स्फोट झाला, माणसं गेली, इमारतीची वाताहत झाली. नंतर ते पुन्हा उभं राहिलं आणि पुन्हा मराठी सिनेमे लागले. शनिवार-रविवारी संध्याकाळच्या खेळाला जा. आजी-आजोबा, मुलं, नातवंडं अशी तीन पिढ्यांची रांग दिसेल. इंटरव्हलमध्ये बटाटेवडा खाता खाता शेजारचे काका तुमच्याशी सिनेमावर बोलायला लागतील, ओळख नसताना. मला हे फार आवडतं.

दादरलाच कोहिनूर होतं. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला तिथे जागा मिळेना, तेव्हा शिवसेना रस्त्यावर उतरली आणि सिनेमा लागला. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. मराठी सिनेमाचं भांडण हे बऱ्याचदा पडद्याचं भांडण असतं. सिनेमा चांगला झाला तरी त्याला खेळ मिळायला हवेत ना, तेही माणसं कामावरून सुटतात त्या वेळेचे.

तिथून जवळच लालबागला भारतमाता. गिरणगावाचं थिएटर. पाळी सुटली की गिरणी कामगार थेट इथे यायचे. माझे आजोबा गिरणीत होते. ते सांगायचे की पगाराच्या दिवशी आधी घरी पैसे द्यायचे, आणि उरलेल्यातून पहिलं तिकीट भारतमाताचं. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. भारतमाताला जायचं असेल तर आधी तिथे काय लागलंय ते बघून घ्या, आणि मराठी सिनेमा असेल तर नक्की जा.

शिट्ट्या मारायच्या असतील तर वांद्र्याला जा. स्टेशनच्या पश्चिमेला गेटी-गॅलेक्सी. गेटी, गॅलेक्सी, जेमिनी, ग्लॅमर, जेम, गॉसिप, ग्रेस, सगळी नावं ‘ग’ किंवा ‘ज’वरून वाटतात, पण इंग्रजीत सातही एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून लोक जी-सेव्हन म्हणतात. १९७२ पासून हे चालू आहे. शुक्रवारी पहिल्या खेळानंतर फाटकाबाहेर कॅमेरे घेऊन माणसं उभी असतात, कारण इथला प्रेक्षक जे बोलेल त्यावरून सिनेमाचं काय होणार याचा अंदाज बांधतात. हिरोची एंट्री झाली की पुढची दोन मिनिटं संवाद ऐकू येत नाहीत. शांतपणे सिनेमा बघायचा असेल तर इथे येऊ नका. पण ईदला किंवा दिवाळीला मोठ्या हिरोचा सिनेमा लागला की दुसरीकडे कुठेही जाऊ नका! आणि समोसा घ्या, तो चुकवायचा नाही.

आता शेवटचं, मुंबई सेंट्रल. एसटी स्टँडसमोरचं मराठा मंदिर. नामजोशींचं.

१९५८ साली हे सुरू झालं. ५ ऑगस्ट १९६० ला ‘मुघल-ए-आझम’चा पहिला खेळ इथे झाला, तेव्हा तिकिटांसाठी लोक दिवसचे दिवस रांगेत होते आणि घरची माणसं त्यांना डबे आणून देत होती. आणि २० ऑक्टोबर १९९५ पासून इथे ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ लागला आहे. कोविडचा काळ सोडला तर तो उतरलेलाच नाही. २०१५ मध्ये एकदा बंद करायचं ठरलं होतं, पण लोकांनी ऐकलं नाही.

बघायला कोण येतं? पर्यटक येतात, परदेशातले येतात. पण मला दिसतात ते वेगळे लोक. हातात पिशवी, पायाशी बॅग, सातारची किंवा चिपळूणची गाडी दुपारनंतर आहे, तोवर सावलीत, पंख्याखाली बसायचं म्हणून आलेले. स्टेशन आणि स्टँड दोन्ही समोर असल्यामुळे हे थिएटर तीस वर्षं माणसांना टेकायला जागा देत आलंय, मॉलच्या तिकिटाच्या मानाने अगदी थोड्या पैशांत. कोणी संवाद आधीच म्हणतं, कोणी झोपलेलं असतं. पण शेवटी पडद्यावरची गाडी सुटते, नायिका फलाटावरून धावायला लागते, तेव्हा झोपलेलासुद्धा जागा होतो आणि अख्खं थिएटर टाळ्या वाजवतं. मी चारदा गेलोय, चारही वेळा वाजल्या.

खेळ सकाळचा असतो, साधारण साडेअकराचा. अकरालाच पोचा, खिडकीवर तिकीट घ्या, बाल्कनीचं, आणि जिना चढताना कठड्यावरून जरा हात फिरवा.