रोबोट आहे का, हा दुसरा प्रश्न

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो.

परवा निफाडकडच्या एक मावशी माझ्या दवाखान्यात तपासून घ्यायला आल्या. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, तरी अंगावरून लाल जात होतं. "द्राक्षाची गोडी छाटणी उरकू दे, मग दाखवू," म्हणत त्यांनी तीन महिने अंगावर काढले. मायमाउल्यांनो, पाळी गेल्यावर लालसर डाग एकदा जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. मावशींच्या गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला, कर्करोग निघाला.

सून म्हणाली, "डॉक्टरबाई, मुंबईला नेऊ. तिथं रोबोट आपोआप ऑपरेशन करतो म्हणे."

आपोआप काही होत नाही. सर्जन सहसा त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रापाशी, बसून हात हलवतात, तसंच आतलं अवजार हलतं. पोटावर जेमतेम ८ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं असतात. अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं, हाताचा कंप आत पोचत नाही. मूत्रनलिका पिशवीच्या अगदी जवळून जाते, तिथं हा नेमकेपणा फार मोलाचा. मावशींसारखं वजन जास्त असेल, तर मोठ्या चिरेची जखम चिघळायची भीतीही टळते. रक्त कमी जातं, बाई लवकर घरी येते. मात्र डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत बराच वेळ ठेवावं लागतं, म्हणून भूलतज्ज्ञ हृदय आणि फुप्फुसं आधी नीट तपासतात.

पण हे सगळ्या कर्करोगांना लागू नाही. अस्तराच्या कर्करोगात, तो पिशवीपुरता असेल तर, छिद्रांतून केलेली शस्त्रक्रिया चांगली ठरली आहे. पिशवीच्या मुखाचं वेगळं. २०१८ साली ६३१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी, पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९६.५ टक्के रोगमुक्त होत्या. छिद्रांतून झालेल्यांपैकी ८६ टक्केच. त्यात रोबोटच्या केसेस थोड्या, दुर्बिणीच्या जास्त होत्या, तरी तेव्हापासून मुखाच्या कर्करोगात मूलगामी शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे पिशवीसोबत आजूबाजूचा भागही काढायचा असेल तर, मोठी चीरच आम्ही पहिली सांगतो. तिला जुनाट समजू नका.

म्हणून आधी विचारा: कर्करोग कुठला, कितपत पसरलाय? रोबोटचं मग. अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्यात, हेही सर्जनना बिनधास्त विचारा. रोबोटचा खर्च जास्त असतो, तेव्हा अंदाज लेखी घ्या. साध्या दुर्बिणीनंही अस्तराची शस्त्रक्रिया उत्तम होते. रोबोटसाठी शेत गहाण टाकू नका.

सुनेनं सगळं ऐकलं आणि फाईल माझ्यापुढे सरकवली. "बाई, आमच्या आत्याबाईंचा अस्तराचाच ना?"

"हो, अस्तराचाच. आणि अजून पिशवीतच आहे."