धरण उशाला: 23 गावं आणि पुणे महापालिका

(दृश्य: सकाळ. सिंहगड रस्ता, खडकवासल्याच्या दिशेने. नांदेड गावातली विहीर, पंपघर.)

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालं की वाटेत नांदेड गाव लागतं. गावातल्या या मोठ्या विहिरीत खडकवासला धरणाचं पाणी येतं, आणि पंप लावून ते नांदेड, किरकटवाडी आणि आसपासच्या वस्त्यांना सोडलं जातं. जानेवारी 2025 आधी पुण्यातल्या फार थोड्या लोकांना या विहिरीबद्दल माहिती होती. त्या महिन्यात या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडू लागले. आधी जुलाब, उलट्या, मग हातापायांतलं बळ जातं. काहींना श्वास घेणं जमेनासं होतं आणि व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. महिनाभरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली. काही जण दगावले. राज्याची पथकं आली, केंद्राचं पथक आलं, मंत्री आले, कॅमेरे आले.

या विहिरीमुळेच आजार पसरला, असं आम्ही म्हणणार नाही. त्याच भागातल्या अनेक खासगी आरओ केंद्रांचं पाणीही पिण्यालायक नव्हतं आणि महापालिकेने ती केंद्रं बंद केली. पण साथीने एक गोष्ट सगळ्या शहरासमोर आणली. पर्वती, वारजे, वडगाव इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांतून गाळून आलेलं पाणी जुन्या पुण्याच्या नळाला येतं. या गावांच्या नळाला येणारं पाणी कुठल्याच शुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं. धरणाचं पाणी विहिरीत घ्यायचं, त्यात क्लोरीन टाकायचं आणि सोडायचं, एवढीच व्यवस्था होती.

धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण या भागात शब्दशः खरी आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. शहराचं पाणी या गावांच्या अंगणातून पुढे जातं. आणि ही गावं काही परक्या तालुक्यातली नाहीत. जून 2021 पासून ती पुणे महापालिकेत आहेत.

(दृश्य: नकाशा. जुनी हद्द, मग एकेक गाव रंगत जातं.)

गावं महापालिकेत कशी आली, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. 1997 मध्ये महापालिकेने 38 गावं आत घेतली. कर वाढेल आणि जमिनींवर आरक्षणं पडतील म्हणून विरोध झाला, आणि काही वर्षांतच त्यांतली 15 गावं पूर्ण आणि 5 अंशतः वगळली गेली. त्या गावांत बांधकामं थांबली नाहीत. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर इमारती उभ्या राहिल्या. रस्ता बारा फुटांचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मजले. मग हद्दीलगतच्या गावांतले लोकच म्हणू लागले, आम्हाला आत घ्या. 2014 मध्ये 34 गावं घेण्याचा इरादा जाहीर झाला आणि फाइल अडकली. गावकऱ्यांच्या कृती समितीला उच्च न्यायालयात जावं लागलं. ऑक्टोबर 2017 मध्ये लोहगाव, उंड्री, धायरी, आंबेगाव, फुरसुंगी, उरुळी देवाची अशी 11 गावं आत आली. उरलेली 23 गावं 30 जून 2021 रोजी आली: वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, पिसोळी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला आणि इतर. महापालिकेचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पलीकडे गेलं.

त्या दिवशी 23 ग्रामपंचायती संपल्या. सरपंच गेले, ग्रामसभा गेली. त्या जागी नगरसेवक यायला हवे होते. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपणार होती, म्हणजे नऊच महिने थांबायचं होतं. गावांनी वाट पाहिली.

निवडणूक झालीच नाही.

राज्यघटनेच्या 243-यू या कलमानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षं असते आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि महापालिका आयुक्तच प्रशासक झाले. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. त्यातच प्रभागरचना आधी तीन सदस्यांची ठरली, सरकार बदलल्यावर पुन्हा चार सदस्यांची झाली. तोही वाद न्यायालयात गेला आणि ऑगस्ट 2022 मध्ये 'जैसे थे'चा आदेश आला. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी सांगितलं. पुढे ही मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढली. मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. पुणे शहर जवळजवळ चार वर्षं लोकप्रतिनिधींच्या सभागृहाविना चाललं. 23 गावांच्या बाबतीत हा काळ साडेचार वर्षांचा आहे, कारण त्यांना महापालिकेत त्याआधीही कोणी नव्हतं. 2017 च्या 11 गावांना निदान 2019 च्या पोटनिवडणुकीत दोन नगरसेवक मिळाले होते. तेही 11 गावांना मिळून दोन. लोहगाव कुठे आणि धायरी कुठे!

(दृश्य: महापालिका भवन, शिवाजीनगर. रिकाम्या सभागृहाच्या खुर्च्या.)

सभागृह नसल्याने नेमकं काय बिघडलं? कचरा उचलला जात होता, पाणी सुटत होतं, दाखले मिळत होते. आयुक्त आणि अधिकारी काम करत होतेच. आमच्या मते बिघाड खोलवरचा होता आणि तो अंदाजपत्रकात सर्वांत स्पष्ट दिसतो.

एरवी आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. 16 सदस्यांची ही समिती त्यात बदल करते. मग समितीचे अध्यक्ष ते मुख्यसभेला, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेला सादर करतात. तिथे भाषणं होतात, उपसूचना येतात, कोणाच्या प्रभागाला किती मिळालं यावरून रात्री उशिरापर्यंत खडाजंगी होते. प्रशासक असताना आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडलं, स्थायी समितीच्या अधिकारात तेच स्वीकारलं आणि मुख्यसभेच्या अधिकारात तेच मंजूर केलं. 2022-23 साठी 8,592 कोटी, 2023-24 साठी 9,515 कोटी, 2024-25 साठी 11,601 कोटी, 2025-26 साठी 12,618 कोटी. चार वर्षांचे हे आकडे, आणि एकाही वर्षी सभागृहात उभं राहून "किरकटवाडीच्या पाण्याला यात किती?" असं विचारणारं कोणी नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर सभेच्या इतिवृत्तात कायमचं नोंदलं गेलं असतं.

या शहराला अशा नोंदीचं मोल कळायला हवं. पुण्याची नगरपालिका 1850 च्या दशकातली. महात्मा फुले 1876 ते 1883 या काळात तिचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या मानपत्रावर हजार रुपये खर्चण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदानात ते हरले. तो विरोध आजही सांगता येतो, कारण तो भर सभेत झाला.

आता नगरसेवक असले की सगळं आलबेल असतं, असंही आम्ही म्हणणार नाही. पुणेकरांना 'स' यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांचा निधी, चांगली माहीत आहे. त्या निधीतून आलेली बाकडी, कमानी, कापडी पिशव्या आणि त्यांवरची नावं शहराने पाहिली आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा महापालिकेत पूर्ण संख्येचं सभागृह होतं. ओढ्याच्या पात्रात वर्षानुवर्षं होत आलेली बांधकामं सभागृहाने थांबवली नव्हती. हा हिशेब मांडायलाच हवा. पण 2019 च्या त्या पुरानंतर लोक नगरसेवकाच्या दारात गेले, त्याला ऐकवलं, सभागृहात विषय आला. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्याजवळच्या, नदीकाठच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले. माणसं झोपेतून उठून सामान वर नेत होती. पाणी सोडण्याची सूचना वेळेवर का मिळाली नाही, हे पाटबंधारे खात्याला विचारायचं की महापालिकेला, हेही त्यांना कळेना. त्यांच्या वतीने विचारायला सभागृहात कोणी नव्हतं.

(दृश्य: उंड्री-पिसोळी भागातली सोसायटी. टँकर.)

समाविष्ट गावांतल्या सोसायटीत टँकर येतो तो क्षण पाहा. टँकर फाटकातून उलटा आत येतो. वॉचमन जमिनीतल्या टाकीचं लोखंडी झाकण बाजूला सरकवतो. जाड पाइप आत सोडला जातो, पाणी धबधबा पडतं, आणि वॉचमन वहीत वेळ आणि गाडीचा नंबर लिहून चालकाची सही घेतो. महिनाअखेरीला ही वही कमिटीसमोर येते आणि तिच्यावरून मेंटेनन्स ठरतो. पाणी कुठल्या विहिरीचं किंवा बोअरचं आहे, याचा रकाना या वहीत नसतो.

या घरांना परवानगी देताना पाण्याची सोय कुठे होती? बिल्डरकडून हमीपत्र घेतलं गेलं: महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू. बिल्डर इमारत सोसायटीच्या ताब्यात देऊन निघून जातो. हमीपत्र फाइलमध्ये राहतं आणि टँकरचं बिल रहिवाशांच्या माथी पडतं. त्यात आणखी एक गुंता 2021 मध्ये झाला. 23 गावं महापालिकेत घेतली, पण त्यांच्या नियोजनाचे अधिकार राज्य सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले. म्हणजे बांधकामाची परवानगी आणि तिचं शुल्क एका संस्थेकडे. पाणी, ड्रेनेज आणि कचरा दुसऱ्या संस्थेकडे. ज्या संस्थेने नळ द्यायचा तिच्या हातात परवानगी नव्हती, आणि जिच्या हातात परवानगी तिच्यावर नळाची जबाबदारी नव्हती. हा आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत घातक निर्णय होता. एखादी संस्था कामचुकार असते तेव्हा तिला धारेवर धरता येतं. इथे दोन्ही संस्थांना एकमेकींकडे बोट दाखवण्याची सोय कायदेशीरपणे करून दिली गेली.

मिळकतकर मात्र वाढला. नव्या गावांना पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचा दर, मग टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत महापालिकेचा पूर्ण दर, असा नियम आहे. कर वाढत गेला, पाणी मात्र तसंच राहिलं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने तर शेवटी बाहेर पडणंच पसंत केलं. आज त्यांची वेगळी नगरपरिषद आहे.

(दृश्य: मतदान केंद्र, रांग.)

आता 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडून आले आहेत. चाळीस प्रभागांत चार-चार, एका प्रभागात पाच. ही रचनाही मतदाराच्या सोयीने ठरलेली नाही. 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 मध्ये एकाचा, 2012 मध्ये दोघांचा, 2017 मध्ये चौघांचा. प्रत्येक वेळी राज्यातल्या सत्ताधाऱ्यांनी आपापलं गणित मांडलं. चार नगरसेवक असले की ड्रेनेज तुंबल्यावर एक म्हणतो त्या बाजूचं काम दुसऱ्याकडे आहे. शिवाय प्रभागांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेवरून मोजलेली आहे, कारण त्यानंतर जनगणना झालेली नाही. 2011 मधली वाघोली आणि आजची वाघोली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिथे माणसं सर्वांत झपाट्याने वाढली, तिथल्या मताला सभागृहात सर्वांत कमी वजन आहे. पुढची जनगणना होऊन तिचे आकडे प्रभागरचनेत उतरेपर्यंत हा अन्याय असाच चालू राहणार, म्हणून गावांतून निवडून आलेल्यांनी संख्येपेक्षा मोठ्या आवाजात बोलायला हवं.

नागरिकांच्या हातात एक साधन आहे. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो आणि आपल्या प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. पदपथ, दिवे, बसथांब्याची शेड अशी कामं त्यातून झाली आहेत. जरूर भरावा हा अर्ज. पण जलशुद्धीकरण केंद्र पाच लाखांत होत नाही. त्याला जागा लागते, कोट्यवधी रुपये लागतात, पाटबंधारे खात्याकडून वाढीव पाणीकोटा लागतो, आणि हे सगळं मुख्यसभेच्या पटलावरून जातं.

मुख्यसभेत सदस्यांना लेखी प्रश्न देता येतात आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासल्याच्या रहिवाशांनी आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांकडे सहीनिशी पुढचे प्रश्न द्यावेत. आमच्या गावांसाठीच्या जलशुद्धीकरण केंद्राची जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का? त्यासाठी चालू अंदाजपत्रकात नेमकी किती तरतूद आहे आणि आजवर किती खर्च झाली? काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार? आणि तोपर्यंत आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला क्लोरीन रोज कोण तपासतं, आणि ती नोंदवही कुठल्या कार्यालयात पाहायला मिळेल?