न लिहिलेली नोंद

५ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ. ओरेगनमधल्या पोर्टलंडहून अलास्का एअरलाइन्सचं १२८२ क्रमांकाचं विमान कॅलिफोर्नियातल्या ओंटॅरिओकडे निघालं. आत १७१ प्रवासी आणि ६ कर्मचारी. विमान पंधरा हजार फुटांच्या आसपास पोचलं आणि डाव्या बाजूला, सव्विसाव्या रांगेजवळचा भिंतीचा एक अख्खा तुकडा खिडकीसकट निघून गेला. त्याला लागून असलेल्या दोन खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या. जवळच बसलेल्या एका मुलाच्या अंगातला शर्ट हवेच्या ओढीनं बाहेर गेला. विमान परत फिरलं, उतरलं, कोणी दगावलं नाही. बोइंगनं हे ७३७-९ मॅक्स विमान ताब्यात देऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

निघून गेलेल्या त्या तुकड्याला डोअर प्लग म्हणतात. जास्त खुर्च्या बसवायच्या असतील तर तिथे संकटकाळचं दार लागतं. कमी खुर्च्या असतील तर दाराच्या जागी हे झाकण बसवतात. त्याची रचना चांगली आहे, हे आधी सांगतो. आतली हवा झाकणाला बाहेर ढकलते आणि ते बारा टेकूंवर दाबून बसतं. ते वर सरकून टेकूंवरून सुटू नये एवढ्यासाठी चार बोल्ट. प्रत्येक बोल्टला कंगोऱ्यांचा नट, त्यातून आरपार कॉटर पिन, आणि पिनेची टोकं वळवलेली. मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीचं काम केलं, अशा पिना किती वळवल्या त्याची गणती नाही. नीट वळवलेली पिन असताना थरथराटानं नट फिरून पडत नाही. चारही पडणं तर शक्यच नाही.

झाकण पोर्टलंडजवळ एका शिक्षकाच्या परसात सापडलं. एनटीएसबीच्या, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासनिसांनी बोल्टची भोकं पाहिली. बोल्ट ओढून तुटला असता तर भोकांच्या कडा घासल्या असत्या, वाकल्या असत्या. तसं काहीच नव्हतं. म्हणजे बोल्ट तिथे नव्हतेच. ते विमान दीडशेच्या आसपास उड्डाणं बोल्टांशिवाय उडलं आणि झाकण हळूहळू वर सरकत राहिलं.

बोल्ट गेले कुठे, याची गोष्ट बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात आहे, वॉशिंग्टन राज्यात. विमानाचं धड कॅन्ससमधल्या विचिटाहून येतं, तेव्हा ते स्पिरिट एरोसिस्टिम्स या कंपनीकडून यायचं. झाकणाशेजारचे पाच रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, खराब निघाले. ते बदलायला १८ सप्टेंबर २०२३ ला झाकण उघडलं गेलं. दुसऱ्या दिवशी रिव्हेटचं काम झाल्यावर कोणीतरी फोटो काढून सहकाऱ्यांना पाठवला. त्या फोटोत झाकण जागेवर दिसतं, पण तीन बोल्टांच्या जागा रिकाम्या. चौथी जागा आच्छादनाखाली झाकलेली. रिव्हेटच्या कामाची नोंद आहे. झाकण उघडल्याची नाही.

नोंद म्हणजे काय, हे एका साध्या वस्तूवरून सांगतो. आमच्या कामात बोल्ट काढला की तो पिशवीत घालायचा, पिशवीला चिठ्ठी लावायची आणि ती त्या भोकाशेजारीच बांधायची. पाळी बदलते, माणूस बदलतो, पण पिशवी लटकत राहते. मी एका रात्री कामावर आलो तेव्हा एका पॅनेलपाशी अशीच पिशवी होती, आत दोन स्क्रू. कार्डावर मात्र ‘काम पूर्ण’ असा शिक्का बसलेला. पिशवी नसती तर मीही पुढची सही केली असती. हे मी मोकळेपणानं कबूल करतो, कारण सगळी चर्चा ‘निष्काळजी कामगार’ या दोन शब्दांवर येऊन थांबते तेव्हा मला फार त्रास होतो.

रेंटनला दारांचं काम करणाऱ्या चोवीस जणांच्या तुकडीत असं झाकण पूर्वी उघडलेला माणूस एकच होता, आणि त्या दिवशी तो सुट्टीवर होता. बाकीच्यांना ते काम कोणी शिकवलेलंच नव्हतं. जून २०२५ मध्ये एनटीएसबीनं निष्कर्ष मांडला तो हाच: कामगारांना पुरेसं प्रशिक्षण, स्पष्ट सूचना आणि देखरेख देण्यात बोइंग कमी पडली. एफएए या नियामक संस्थेनंही दोष वेळीच हेरून दूर केले नाहीत, असं मंडळानं म्हटलं. घटनेनंतर एफएएनं सहा आठवडे कारखान्यांची तपासणी केली. बोइंगच्या ८९ पैकी ३३ चाचण्या नापास. स्पिरिटमध्ये दाराच्या सीलची तपासणी हॉटेलच्या खोलीचं किल्ली-कार्ड घालून केली जात होती. ज्याच्या हातात ते कार्ड होतं त्याला योग्य मापक का मिळालं नाही, हे विचारायचं की त्यालाच घरी पाठवायचं?

आता पन्नास वर्षं मागे चला. जून १९७२. मॅक्डोनेल डग्लसच्या डीसी-१० विमानाचं मालकप्प्याचं दार कॅनडातल्या विंडसरवर आकाशात उघडलं. वैमानिकांनी विमान कसंबसं डेट्रॉइटला उतरवलं. पंधरा दिवसांत कॉन्व्हेअर या कंत्राटदार कंपनीतल्या डॅन ॲपलगेट या अभियंत्यानं वरिष्ठांना लिहिलं की हे दार पुन्हा उघडणार आणि त्यात विमान जाणार. एफएएनं सक्तीचा आदेश काढण्याऐवजी निर्मात्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळच्या एर्मेनोनव्हिलच्या जंगलात तुर्की एअरलाइन्सचं डीसी-१० कोसळलं. ३४६ माणसं गेली. दाराला आधाराची एक पट्टी बसवायची होती. कारखान्याच्या कागदांवर ती बसवल्याची नोंद होती, तपासनिसांचे शिक्केही होते. दारावर पट्टी नव्हती.

तेव्हा कागद होता, काम नव्हतं. रेंटनला काम झालं, कागद नव्हता.

३४६ हा आकडा पुन्हा येतो, आणि त्याची मला दरवेळी धडकी भरते. बोइंग ७३७ मॅक्सचे दोन अपघात: ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअर, १८९. मार्च २०१९ मध्ये इथिओपियन, १५७. बेरीज तीच. तिथे चूक बोल्टची नव्हती, आराखड्याची होती: एमकॅस ही प्रणाली एकाच संवेदकावर विसंबून विमानाचं नाक खाली ढकलत होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. पहिल्या अपघाताच्या काही महिने आधी रेंटनमधले वरिष्ठ व्यवस्थापक एड पिअरसन यांनी लिहून कळवलं होतं की माणसं थकली आहेत, काम मागे पडतंय, उत्पादन थांबवा. थांबलं नाही.

वादात दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. फेब्रुवारी २००९ ते जानेवारी २०२५ या काळात अमेरिकी प्रवासी विमानकंपन्यांचा एकही मोठा जीवघेणा अपघात झाला नाही. हे त्याच शिक्क्यांमुळे, त्याच पिशव्यांमुळे झालं. म्हणून हा आकडा दाखवून कोणी ‘घाबरू नका’ म्हणतं तेव्हा मी म्हणतो, घाबरत नाही, पण तो आकडा ज्यांनी कमावला त्यांना हवी ती गोष्ट द्या: काम थांबवायचा अधिकार. आज बोइंगच्या कारखान्यात नियामकाच्या वतीनं तपासणारे बरेच लोक बोइंगचेच पगारी असतात. हजारो बारकाव्यांसाठी ही सोय लागतेच, सरकार तेवढी माणसं आणणार कुठून? पण ‘नाही’ म्हणणाऱ्याची बढती कोणाच्या हातात आहे, एवढं तरी बघितलं पाहिजे.

एफएएनं २०२४ मध्ये ७३७ मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ वर रोखलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ४२ ला परवानगी दिली. बातम्यांत हाच आकडा येतो. मी वेगळा आकडा शोधतो. अपुरं काम घेऊन पुढच्या ठिकाणी सरकलेली विमानं किती? ते झाकण उघडलं गेलं ते अशाच सरकत्या कामात. बोइंगनं २००५ मध्ये विकून टाकलेला विचिटाचा कारखाना डिसेंबर २०२५ मध्ये परत विकत घेतला, त्याचं एक कारण हेच आहे. धड तिथेच नीट करून पाठवलं तर रेंटनला काही उघडावं लागणार नाही.

आत्ता श्रोत्यांच्या पुढच्या रांगेतून विचारलं गेलं की झाकण शेवटी कोणी उघडलं होतं. तपासनिसांनी सतरा महिने विचारपूस केली, आणि ते नाव त्यांना मिळालं नाही.