पोटातला गोळा आणि पंधरा वाक्यं

श्रोतेहो, नमस्कार.

सामन्याच्या सकाळी मुलींच्या खोलीत जरा डोकावून पाहा. एकजण बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडून बांधत असते. दुसरी पोह्यांची दुसरी प्लेट संपवून तिसरीकडे बघत असते. तिसरी मघापासून बाथरूममध्ये, आणि आत नळ नुसताच वाहतोय. "काय गं, टेन्शन आलंय का?" असं विचारलं की तिघींचं उत्तर एकच: "नाही मॅडम!" बाथरूममधूनसुद्धा तेच.

खेळाडूचा स्वभाव मोजायला निघालं की पहिली अडचण ही. उंची मोजताना पट्टीला कोणी फसवत नाही. टाचा उचलणाऱ्या असतात, पण त्या दिसतात. मनाच्या टाचा दिसत नाहीत.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रायनर मार्टेन्स यांनी स्पर्धेआधीची चिंता मोजायला एक प्रश्नावली बांधली, १९७७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. स्कॅट म्हणतात तिला, म्हणजे स्पोर्ट कॉम्पिटिशन अँग्झायटी टेस्ट. आपल्याकडे शारीरिक शिक्षणाचा प्रबंध लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, ती ओळखीची निघेल. अवघी पंधरा वाक्यं आणि प्रत्येकापुढे तीन पर्याय: क्वचितच, कधी कधी, बऱ्याचदा. यातली गुणांत धरली जातात ती दहाच. उरलेली पाच नुसती भरताड, म्हणजे 'स्पर्धेत ध्येय ठरवणं महत्त्वाचं असतं' अशा धर्तीची. खेळाडूला वास येऊ नये म्हणून पेरलेली. कागदावर 'चिंता' हा शब्द मथळ्यातही नसतो. मला ही लबाडी आवडते.

खरी गंमत दोन उलट्या वाक्यांत आहे. 'स्पर्धेआधी मी शांत असते' आणि 'मी निवांत असते'. इथे गुण उलटे मोजायचे: बाकी आठ वाक्यांत 'क्वचितच'ला एक आणि 'बऱ्याचदा'ला तीन, इथे 'क्वचितच'लाच तीन. आता ज्या मुलीला खरोखरच काही वाटत नाही, तिला कमीत कमी, म्हणजे १० गुण मिळतात. पण जी मुलगी कागद हातात पडताच वरपासून खालपर्यंत 'क्वचितच'वर टिका मारत जाते, तिचे होतात १४. म्हणजे ती सांगतेय की मी क्वचितच घाबरते आणि क्वचितच शांत असते! चौदाचा आकडा आला की मी कागद उलटून सगळ्या टिका एका ओळीत आहेत का ते आधी बघते.

आणि भाषेचं काय? पोटात कसंसं होतं अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. पहिल्या वेळी मी त्याचं भाषांतर 'मळमळते' असं केलं होतं. एका मुलीने हात वर केला, "मॅडम, म्हणजे जेवण बाधल्यासारखं का?" सगळ्या हसल्या. पुढच्या वेळी 'पोटात गोळा येतो' असं लिहिलं, तर कोणी काही विचारलं नाही. पण एक शब्द बदलला की पट्टीही थोडी बदलते. त्यामुळे माझ्या कागदावरचे गुण अमेरिकेतल्या तक्त्याशी लावून बघायचा मोह मी टाळते.

स्कॅट मोजते तो घाबरण्याचा एकंदर कल. महाबळेश्वर पावसाचं गाव, म्हणून आज तिथे पाऊस पडतोयच असं नाही. आणि माणदेशातही एखाद्या दिवशी धो धो कोसळतो. आजचा पाऊस मोजायला त्याच मार्टेन्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी २७ वाक्यांची प्रश्नावली केली. ती सामन्याच्या थोडं आधी भरून घेतात. मनातली काळजी, अंगातली धडधड आणि आत्मविश्वास असे तीन हिशेब ती वेगवेगळे ठेवते.

आता संघनिवडीकडे येते, कारण पालक मला हेच विचारतात. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात सॅन होजे इथल्या ऑगिल्व्ही आणि टुटको यांनी १९० प्रश्नांची चाचणी काढली. जिद्द, आक्रमकता, नेतृत्व, प्रशिक्षकाचं ऐकण्याची तयारी असे अकरा गुण. प्रशिक्षकांच्या त्यावर उड्या पडल्या, पण ती कितपत खरी ठरते याचा पुरेसा पुरावा कुठाय, असं इतर संशोधक विचारू लागले. पुढे क्रीडामानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी अव्वल खेळाडूंच्या मनःस्थितीचा आलेख दाखवला: ताण, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ हे सरासरीच्या खाली आणि जोम तेवढा वर, हिमनगासारखा. दिसायला सुंदर. पण १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा यशस्वी आणि कमी यशस्वी खेळाडूंतल्या फरकाचा एक टक्काही हा आलेख समजावू शकत नव्हता.

मला क्रीडामानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांचं म्हणणं पटतं. ते म्हणतात, प्रत्येक खेळाडूचा चिंतेचा आपापला पट्टा असतो, त्यात ती असली की चांगली खेळते. माझ्याकडे कबड्डीतली एक चढाईपटू होती. स्कॅटवर ३० पैकी २७, म्हणजे जवळजवळ कडेलोट. प्रत्येक सामन्याआधी ओकायची, तोंड धुवायची आणि पहिल्याच चढाईत बोनस घेऊन यायची. एकदा ती अगदी मजेत मॅटवर उतरली, आणि तीनदा पकडली गेली. गुण बघून संघ निवडला असता, तर पहिला काट तिच्याच नावावर बसला असता.

म्हणून माझ्या कागदावर वरच ठळक लिहिलेलं असतं: याचा निवडीशी संबंध नाही. ते लिहिलं नाही, तर पंधरा वाक्यांना पंधरा वेळा "नाही मॅडम" मिळेल. तरीसुद्धा मागच्या शिबिरात एका मुलीने त्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "नक्की?" मी तिला बोलावलं, दाराबाहेर पायरीवर बसलो. अर्धा तास ती बोलत होती. पंधरा वाक्यं तिने कोरीच ठेवली होती.

नमस्कार.