‘पॉइंट’चं टोक

आधी उशिराबद्दल माफी मागतो. येताना नाक्यावर स्कूटरचं मागचं चाक बसलं. ढकलत ढकलत एका दुकानापाशी गेलो, तर वर पाटी होती, ‘पंक्चर पॉइंट’. पोरगा टायर उघडत होता आणि मी खुळ्यासारखा पाटीकडे बघत उभा. कारण त्या पाटीवर एकच शब्द दोनदा लिहिलाय. आज बोलायचं होतं तेही त्याच शब्दावर, ‘पॉइंट’वर.

लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. टोचल्यावर जे भोक पडतं किंवा ठिपका उमटतो तो ‘पुंक्तुम’. पंक्चर आणि पॉइंट दोन्ही त्यातूनच आले. मजकुरात जागोजागी टोचलेले ठिपके म्हणजे पंक्चुएशन, आपली विरामचिन्हं. ठरल्या बिंदूवर हजर होणारा तो पंक्चुअल, म्हणजे आज मी नव्हे. अपॉइंटमेंटही त्याच घरातली. आणि ‘डिसअपॉइंट’ करणं म्हणजे मुळात नेमणुकीवरून काढून टाकणं. निराशा हा अर्थ मागाहून चिकटला, आणि तो का चिकटला हे नोकरी गेलेल्या माणसाला सांगायला नको.

फ्रेंचांनी या घराण्याचे दोन शब्द नीट वेगळे ठेवलेत. ‘प्वाँ’ म्हणजे ठिपका, ‘प्वाँत’ म्हणजे टोक. इंग्रजांनी दोन्ही उचलले आणि एकाच डब्यात भरले. त्यामुळे पेन्सिलीचं टोकही पॉइंट आणि त्या टोकानं कागदावर उमटलेला ठिपकाही पॉइंट. टोचणारंही तेच, टोचलेलंही तेच. पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

मी पोटासाठी भाषांतरं करतो. हा शब्द दिसला की आधी चहा मागवतो. पाणी उकळत असेल तर उत्कलनबिंदू, खेळात असेल तर गुण, गोष्टीत ‘टर्निंग’ लागला असेल तर कलाटणी, कोणी वैतागून विचारत असेल तर ‘काय उपयोग?’. ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’चं आपण दृष्टिकोन केलं, म्हणजे बिंदूचा चक्क कोन झाला. वादात आला तर मुद्दा. हा मुद्दा अरबीतल्या ‘मुद्दआ’वरून आलेला, म्हणजे दाव्याचा, कज्जाचा शब्द. पोलीस आजही मुद्देमाल जप्त करतात तो त्याच नात्यानं. इंग्रजाच्या वादाला टोक असतं, आपल्या वादामागे कचेरी उभी असते. मुद्द्यावरून गुद्द्यावर यायला आपल्याला वेळ लागत नाही तो बहुधा म्हणूनच.

पण मराठी माणसाला पॉइंट म्हटलं की आधी महाबळेश्वर आठवतं. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमनं १८२८च्या सुमारास तिथं थंड हवेचं ठाणं वसवलं आणि साहेबानं डोंगराच्या टोकाटोकाला नावं दिली. सगळ्यात उंच तो विल्सन पॉइंट, १,४३९ मीटर. तोही एका गव्हर्नरच्याच नावाचा. तो पूर्वी सिंदोळा होता. माल्कमच्या मुलीच्या नावानं केट्स पॉइंट झाला, ती आपली नाकेखिंड. लोणावळ्याकडे याच सह्याद्रीत एक सुळका आहे. साहेबाला त्यात नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं, म्हणून तो ड्यूक्स नोज; आपल्याला फणा काढलेला नाग दिसला, म्हणून नागफणी. मला विचाराल तर नाग जास्त दिसतो.

यात एक गंमत आहे. डोंगराच्या अशा जागेला आपल्याकडे शब्द नव्हता असं मुळीच नाही. महाबळेश्वरहून रायगड काही फार लांब नाही. तिथं टकमक टोक आहे, भवानी टोक आहे. मग आपण ‘विल्सन टोक’ का नाही म्हटलं? मला वाटतं, टोकावर माणूस कामाला जातो. तिथं पहारा असतो. टकमक टोकावरून तर कडेलोट करत, असं सांगतात. पॉइंटवर माणूस बघायला जातो, मक्याचं कणीस खातो, फोटो काढतो आणि गाडीत बसतो. हवा खायला डोंगरावर जाणं हा उद्योगच नवा होता, तो स्वतःचा शब्द घेऊन आला.

मुंबईत मलबार पॉइंट हे खरंखुरं भूशिर, समुद्रात घुसलेलं, त्यावर राज्यपालांचा बंगला. नरिमन पॉइंट मात्र निसर्गानं केलेला नाही, तो भराव टाकून केलेला आहे. ज्या खुर्शेद नरिमन यांचं नाव त्याला दिलंय, त्यांनी १९२०च्या दशकात बॅकबेच्या भरावातल्या गैरकारभारावर रान उठवलं होतं. हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. पुढे त्याच खाडीत आणखी भराव पडला आणि त्याला नाव दिलं नरिमन यांचं. ही चेष्टा की मानवंदना, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता रेल्वे. रूळ जिथे फुटतो तिथे निमुळत्या टोकाच्या दोन सरकत्या पट्ट्या असतात. त्या टोकांमुळे इंग्रजीत ते ‘पॉइंट्स’. हिंदीत त्यालाच काँटा म्हणतात आणि तिथला माणूस काँटेवाला. मराठीत आपण म्हणतो गाडीनं सांधा बदलला. एकाच लोखंडाकडे बघून साहेबाला टोक दिसलं, हिंदीवाल्याला काटा, आपल्याला हाडाचा जोड. पण हुद्दा मात्र पॉइंट्समनच राहिला. १७ एप्रिल २०२१ला वांगणी स्टेशनात दृष्टिहीन आईचं मूल रुळावर पडलं, समोरून गाडी येत होती, आणि धावत जाऊन त्याला उचलून फलाटावर ठेवणारे मयूर शेळके पॉइंट्समन होते. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

तसं बघितलं तर ‘पॉइंट’चं आपलं खरं भावंड काटाच. घड्याळाचा, वजनाचा, माशाचा, अंगावरचा, काढायचा तो वेगळा आणि काट्यानं काढायचा तो त्याहून वेगळा. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, पुढच्या वर्षी बोलवा.

बाकी धंदे भराभर सांगतो. जुन्या स्कूटरच्या इंजिनात ठिणगी पाडायला धातूची दोन टोकं उघडमीट करत, मेकॅनिक त्यांनाच ‘पॉइंट घासायला लागतील’ म्हणायचा. गवंडी दगडी भिंतीचं पॉइंटिंग करतो, त्याचा बाप त्यालाच दरजा भरणं म्हणायचा. सराफाकडे दहा पॉइंटचा हिरा म्हणजे कॅरटचा दहावा भाग, वीस मिलिग्रॅम. छापखान्यातला पॉइंट इंचाचा बहात्तरावा हिस्सा, म्हणून बारा पॉइंटचं अक्षर लग्नपत्रिकेला चालतं आणि आजोबांना चष्मा लागतो. वडापाव पॉइंट, ज्यूस पॉइंट यांत ना टोक, ना ठिपका. तिथे पॉइंट म्हणजे निव्वळ ‘इथे मिळेल’. शुद्धीवाल्यांनी नाकं मुरडली तरी मला ते आवडतं.

मात्र माझा सगळ्यात लाडका पॉइंट दूध संकलन केंद्रावरचा आहे. गाईच्या दुधाला तीन पॉइंट पाच फॅट आणि आठ पॉइंट पाच एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, असे टक्के धरून दर ठरतो. फॅट तीन पॉइंट चार भरली की ‘एक पॉइंट कमी’ म्हणतात आणि त्या एका पॉइंटमागे पैसे कापतात. म्हणजे दोन आकड्यांमधला तो दशांशाचा ठिपका, ज्याला स्वतःची काहीच किंमत नाही, तोच इथे मोजायचं माप होऊन बसला. हे इंग्रजांनी केलेलं नाही, माझ्या अंदाजानं हे आपल्या डेअरीतच झालं. आमच्या गावची एक म्हातारी सकाळी किटली घेऊन केंद्रावरून परत येताना भेटली. विचारलं, काय मावशी, दूध किती गेलं? म्हणाली, ‘‘दूध गेलं पाच लिटर, पण मेल्यानं दोन पॉइंट टोचले.’’