समुद्राला लागून वाळवंट? मग तिथले जीव पाणी पितात कुठून?

नमस्कार मंडळी! मी आत्ता दादर चौपाटीवर आहे, मागे दिसतोय तो अरबी समुद्र. जूनमध्ये इथूनच ढग येतात आणि मुंबई धुऊन निघते. त्यामुळे समुद्र जवळ म्हणजे पाऊस आलाच, असं आपण धरून चालतो.

पण नामिबियात वाळूच्या टेकड्या थेट लाटांना भिडतात. हे नामिब वाळवंट. किनाऱ्यालगत वर्षभरात पाऊस जेमतेम 20 मिलिमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे नामिबचा चाळीसहून जास्त वर्षांचा पाऊस!

कारण तिथलं पाणी गार आहे. बेंगुएला हा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. त्याच्यावरची हवा गारठून जड होते, वर चढत नाही. हवा वर गेली नाही तर पावसाचे ढग बनणार कसे? बनतं ते फक्त धुकं. ते रात्री वाळवंटात शिरतं आणि ऊन वर आलं की विरून जातं.

आता नीट बघा, मला या वाळवंटातला सगळ्यात आवडणारा जीव. (पडद्यावर भुंगा, अगदी जवळून) ओनिमॅक्रिस जातीचा काळा भुंगा. धुकं पडलं की हा पहाटे टेकडीच्या माथ्यावर चढतो. वाऱ्याकडे तोंड करतो, डोकं खाली, मागचे पाय ताठ, पाठ उंच. धुक्याचे बारीक कण पाठीवर साठून थेंब होतात आणि ओघळत थेट तोंडाशी येतात. काही भुंगे एका सकाळी स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश पाणी पितात. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत वीस लिटर प्यावं तसं! त्याचाच एक भाऊबंद, लेपिडोकोरा, वाळूत चर खणतो आणि चराच्या कडेवर जमलेला ओलावा शोषतो.

वेल्विट्शिया ही वनस्पतीही इथलीच. आयुष्यभर दोनच पानं, आणि काही झाडं हजार वर्षांहून जुनी.

चिलीच्या अटाकामा वाळवंटातही हेच गणित: थंड समुद्र, दाट धुकं, पाऊस जवळजवळ नाहीच. त्याच्या दक्षिण टोकाजवळच्या चुंगुंगो गावासाठी डोंगरावर प्लास्टिकच्या मोठ्या जाळ्या उभ्या केल्या होत्या, आणि 1990 च्या दशकात गावाला त्यांचं पाणी मिळायचं. धुकं जाळीत अडकायचं, पाणी पन्हळीत पडायचं आणि पाइपातून उताराने गावात यायचं. पंपाची गरजच नाही. दिवसाला सरासरी 15,000 लिटरच्या आसपास पाणी, तेही एका थेंबाच्या पावसाशिवाय.